रस्त्यापलीकडचा युरोप

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी बहारीनमध्ये मुहर्रकजवळच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात कॅम्प-क्लार्क होतो. कोण कुठल्या खोलीत झोपणार आणि कुठल्या मेसमध्ये जेवणार, याच्या याद्या मी टाइप करायचो. मेस दोन होत्या. रस्त्याच्या अलीकडे एशियन, पलीकडे युरोपियन. युरोप हा खंड आहे, असं मी चिपळूणच्या शाळेत शिकलो होतो. इथे आल्यावर कळलं की ते एक जेवणघर आहे आणि त्याला टेबलक्लॉथ असतात.

एक रुमानियन इंजिनियर आला तेव्हा माझी पंचाईत झाली. गोरा होता, पण कम्युनिस्ट देशातला; आणि आमच्या यादीतले युरोपियन म्हणजे बहुतेक इंग्रजच. मी बेधडक त्याला एशियनमध्ये टाकला. तीन आठवडे तो आमच्यात बसून रत्नागिरीच्या आचाऱ्याने केलेलं बांगड्याचं कालवण ओरपत होता. सगळ्यांनाच इथे बसवतात, अशी त्याची समजूत. मग एक दिवस त्याला पलीकडच्या मेसचा पत्ता लागला.

दुसऱ्या सकाळी तो माझ्या टेबलापाशी अर्ज घेऊन उभा. अर्ज कसला, चार पानी इतिहासच तो. आम्ही रोमनांचे वंशज, आमची भाषा लॅटिनची लेक, भोवताली सगळे परके. शिवाय गृहस्थ लेखक निघाला. व्हिएन्ना, रोम, पॅरिसची त्याची प्रवासवर्णनं त्याच्या देशात छापून आली होती.

"काय लिहिलंत त्यात?" मी विचारलं.

"पॅरिसमध्ये बुखारेस्टसारखी घरं शोधली. रोममध्ये दगडांवरची अक्षरं वाचली, अर्धीमुर्धी कळली, आणि रडलो," तो म्हणाला. "आमच्याकडचे लेखक असंच करतात. युरोप बघायला निघतात, आणि युरोपने आपल्याला बघितलं की नाही एवढंच बघून परत येतात."

माणूस मला आवडला. तरीही अर्ज मी साहेबांकडे न देता ड्रॉवरमध्ये टाकला. तो रोज विचारायचा, "आज?" मी म्हणायचो, "इंशाल्ला."

कारण सांगायची आजही लाज वाटते. लिहिण्याची खाज मलाही होती. एका दिवाळी अंकाला मी बहारीनवर लेख पाठवला होता आणि त्यात ठसक्यात लिहिलं होतं की इथे एक युरोपियन आमच्या मांडीला मांडी लावून जेवतो. तो पलीकडे गेला की मी थापाड्या ठरणार. म्हणजे अख्ख्या बहारीनमध्ये त्याला बिनशर्त युरोपियन मानणारा मी एकटा, आणि त्याला युरोपात जाऊ न देणाराही मीच.

महिन्याभरात त्याचा चेहरा बघवेना. शेवटी मी सगळं कबूल केलं आणि लेखातलं ते वाक्य त्याला इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं होतं, भडकेल. तो म्हणाला, "पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

"हे कुठे छापणार?"

"पुण्यात."

"तिथे कुणी शंका घेणार नाही? मी युरोपियन असल्याची?"

"छे! कोण घेणार?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. किती तरी वेळ त्याने माझा हात सोडला नाही. आता हा काही जात नाही, असं मला वाटलं आणि मी मनातून सुखावलो. मग त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "तो अर्ज आजच साहेबांना द्या."

साहेबाने पहिली ओळ वाचली आणि मान वर न करता विचारलं, "हा डुक्कर खातो का?"

खात होता. आमच्या मुसलमान आचाऱ्याच्या चुलीवर ते चढणं शक्यच नव्हतं.

"मग पलीकडे पाठव."

रोमन, लॅटिन, व्हिएन्ना, पॅरिस, सगळं खलास. त्याच संध्याकाळी तो कोट घालून पलीकडे जेवायला गेला.

दिवाळीला अंक आला. आचाऱ्याने माझा लेख मेसमध्ये मोठ्याने वाचून दाखवला आणि त्या वाक्यापाशी थांबून माझ्याकडे बघितलं.

"काय हो, कुठे गेला तुमचा युरोपियन?"

"युरोपात," मी म्हणालो.

सगळे खो खो हसले. मला मात्र हसू येईना. तो गेला याचं वाईट वाटत होतंच, पण खरं दुखत होतं ते वेगळंच. इतके दिवस दोन्ही याद्या मीच टाइप करत होतो, आणि पलीकडच्या यादीत आपलंही नाव असावं, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.