काकांचं हाय सोलुशन

आमच्या काकांच्या शोकेसमागं वायरींचा असा गुंता व्हता की एक ओढली की चार बाहेर यायच्या, अन् पाचवी कशाची ते खुद्द काकांनाबी म्हाईत नसायचं. काकांचे किस्से बी तसेच. एक सांगायला घेतला की बाकीचे आपोआप निघतात. बसा बराबर, मी ओढतो!

काका म्हणजे जालन्यात, एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीत हापिसात. काकू घरी ब्लाऊज शिवायची. अन् मी पप्या. दहावीला इंग्रजीनं आडवं पाडलं म्हणून गावाकडून इथं अभ्यासाला आणून ठेवलेला. म्हणजे घरच्यांना वाटायचं, अभ्यासाला.

तर काकांना गाण्याचा शौक. त्यांनी पुण्याहून एक नव्या जातीची डिस्क मागवली. दिसायला सीडीच, पर गाणं म्हणे लई बारीक भरलेलं, हाय रिझोल्युशनचं. गवयानं आवंढा गिळला तरी ऐकू येतो!

काकांनी हात धुऊन डिस्क प्लेअरमध्ये ठेवली. प्लेअरनं थोडा वेळ घुर्रर्र केलं अन् समोर अक्षरं आली, 'नो डिस्क'.

काकांनी डिस्क काढली, धोतराच्या मऊ तुकड्यानं पुसली, पुन्हा ठेवली. 'नो डिस्क'.

मी म्हणलं, "काका, माझं इंग्रजी कच्चं हाय, पर ह्यो डिस्क न्हाई म्हणून राह्यला ना?"

काकू आतून म्हणली, "मंग! चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्याचं मशीन हाय ते. मालकावरच जाणार!"

•

मंग कळलं की या डिस्कला प्लेअर येगळा लागतो. प्लेअर आणला. तवा कळलं की हिचं गाणं एका वायरीतून जात न्हाई, सहा वायरी लागतात. सहा वायरी घ्यायला नवा अ‍ॅम्प्लिफायर. सहा वायरी म्हणजे सहा स्पीकर.

काकू म्हणली, "अन् सहा स्पीकरला नवं घर! ते कधी आणता?"

सहातला एक डबा तर दळणाच्या पिंपाएवढा. त्याच्यातून निस्ती धडधड यायची, जबरदस्त. काकूनं एकदा त्याच्यावर तांदळाचं ताट ठेवलं. काकांनी गाणं लावलं अन् ताट थरथरायला लागलं. तांदूळ एका बाजूला, भुस्सा एका बाजूला. काकू बघतच राह्यली.

"अहो, हा एवढा एक डबा कामाचा निघाला. ह्याला निस्तं आतल्या खोलीत ठेवा, गहू बी राह्यलेत!"

•

काकांचे मामा केदारखेड्याला. आम्ही समदे त्यांना तात्या म्हणतो. तात्यांचा फोन आला तवा काका आंघोळीला गेल्ते. तात्यांनी मला इचारलं, "तुझा काका कशात गुंतलाय रे एवढा?"

मी म्हणलं, "तात्या, त्यांना हाय रिझोल्युशन पाहिजे. जालन्यात बराबर भेटंना."

तात्या म्हणले, "हात्तिच्या! एवढंच?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं तात्या हजर. खिशातून पंक्चर चिकटवायच्या डिंकाची बारकी ट्यूब काढली अन् काकांच्या हातावर ठेवली.

"घे सोलुशन. तुला हाय लागतं म्हणला ना पोरगा? हे ट्रॅक्टरच्या ट्यूबला लावतात. याच्यावर हाय काही न्हाई!"

काका कधी ट्यूबकडं बघायचे, कधी माझ्याकडं. मी इंग्रजीचं पुस्तक उघडून बसलो, उलटं.

जाताना तात्या दारातून म्हणले, "अन् तरी गाण्याची हवा जाऊन राह्यली तर पाण्यात बुडवून बघ. बुडबुडा दिसला की तिथंच भोक!"

•

ह्याच तात्यांना काकांनी मंग एका रविवारी मधल्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत एरवी काकूलाबी बसायची परवानगी नव्हती. दोन स्पीकर समोर, एक मधी, अन् दोन पाठीमागं भिंतीला टांगलेले. डिस्क मैफलीची व्हती. गाणं संपलं अन् मागच्या दोन्ही स्पीकरमधून जोरदार टाळ्या!

तात्या दचकून उठले. मागं वळून हात जोडले.

"या, या! मागं कामून उभे? बसून घ्या की!"

मागं कोनीच न्हाई. तात्यांनी भिंतीला नीट न्याहाळलं, टोपी सारखी केली अन् आत आवाज दिला, "सूनबाई, च्या वाढवा! मानसं दिसंनात, पर लई हायत!"

•

समदं जोडून झालं तर स्पीकरमधून बारीक 'हम्मऽऽ' यायला लागलं. वायरमन म्हणला, "साहेब, अर्थिंग कोरडी पडली. अंगणात तो लोखंडी पाईप पुरलेला हाय ना, त्याच्यात पाणी घालत जा."

मंग काय! काका रोज आंघोळ झाली की ओल्या टॉवेलवर, उघड्या अंगानं, तांब्या घेऊन पाईपापाशी. धार सोडायची, अन् आत येऊन स्पीकरला कान लावायचा. हम्म कमी झालं की हात जोडायचे.

शेजारच्या सुलभा मावशीनं हे भिंतीवरून बघितलं. मला हळूच इचारलं, "पप्या, कोनता रे देव?"

मी म्हणलं, "अर्थिंगेश्वर."

"कधी ऐकला न्हाई बाई."

"जमिनीतला हाय मावशी. कोरडा ठेवला की हुंकार देतो. पाणी घातलं की शांत."

दुसऱ्या दिवशी पाईपाला हळदी-कुंकू. तिसऱ्या दिवशी जास्वंदीचं फूल. मंग नारळ! काकांना काय चाललंय ते बिलकुल कळंना. ते आपले नेहमीसारखे तांब्या घेऊन निघाले, तर मावशी भिंतीपलीकडून ओरडली,

"भाऊजी! चपला काढा आधी!"

अन् काकांनी काढल्या!

•

हे समदं हसण्यावारी चालल्तं. पर ब्लाऊजच्या भानगडीनं घरात खरंच बिनसलं.

एक शाळेतल्या बाई काकूकडं मापाला आल्या. काकूचं जुनं, पक्कं गिऱ्हाईक. हॉलमध्ये काकांचा डबा धडधडून राह्यला व्हता. बाई म्हणल्या, "गळा मागून बंद ठेवा." काकूला ऐकू आलं, "गळा मागून रुंद ठेवा."

बाई ब्लाऊज न्यायला आल्या त्या सासूला घेऊन. घालून बघितला. सासूनं सुनेला गोल फिरवलं अन् काकूला म्हणली, "बाई, कापड कमी पडलं का? ह्यात निस्त्या बाह्या अन् हुका दिसून राह्यल्या!"

त्या बाई पुन्हा आल्या न्हाईत. वर शाळेतल्या बाकीच्या बाया बी दुसरीकडं जायला लागल्या. त्या दिवशी काकू ओरडली न्हाई, चिडली न्हाई. निस्ती सुईत दोरा ओवत राह्यली. मी इंग्रजीचं पुस्तक सुलटं धरलं म्हणजे मामला किती गंभीर, समजून घ्या.

संध्याकाळी काकू काकांना म्हणली, "तुमच्या ह्या आवाजापायी माझा धंदा बुडायला लागला. एकदा शेवटचं ठरवून टाकू. साध्या सीडीत अन् तुमच्या ह्या डिस्कमध्ये खरंच फरक पडतो ना?"

"जमीन-अस्मानाचा!"

"मंग रविवारी डोळे बांधते तुमचे. गाणं एकच. एकदा साधी सीडी, एकदा ही. बराबर वळखलं तर सामान हॉलमध्ये ऱ्हाईल, मी पुन्हा शब्द काढणार न्हाई. न्हाई वळखलं तर समदं माळ्यावर."

काका म्हणले, "मंजूर!" पर त्या आठवड्यात त्यांना जेवण गेलं न्हाई. कान साफ करून करून लाल केले.

•

रविवारी दुपारी हॉलमध्ये निवडणुकीचा निकाल वाचायच्या आधी असते तशी शांतता. डाव्या बाजूला तात्या खुर्चीवर, उजव्या बाजूला सुलभा मावशी दिवाणावर. काकांनी खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद करायला लावला. काकूनं अस्तराचं कापड दुहेरी करून त्यांच्या डोळ्यांवर बांधलं. गाठ अशी मारली की काकांच्या भुवया वर गेल्या.

बटनं दाबायला मी. आधी मी साधी सीडी लावली.

काकांनी मान तिरपी केली. थोडं ऐकलं अन् म्हणले, "साधी. सपाट हाय."

बराबर! काकूचा चेहरा पडला. तिनं पदरानं कपाळ पुसलं.

मी सीडी काढली. नवी डिस्क ठेवली. बटन दाबलं. डिस्क आत गेली, अन् तेवढ्यात लाईट गेली!

प्लेअर बंद. अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा बंद. मी तोंड उघडलं, तर काकूनं माझ्याकडं बघून ओठावर बोट ठेवलं.

काका खुर्चीत पुढं सरकले. हात वर केला.

"श्श! सुरू झालं!"

कोनी हाललं न्हाई.

"अगं, हीच! हीच ती! साधी सीडी लावली की गाण्याच्या आधी मागं सूं-सूं असतं. इथं हाय का? बिलकुल न्हाई!"

तात्यांच्या पायाला मुंग्या आल्त्या. त्यांनी पाय बदलला, खुर्ची करकरली. काकांनी बोट बराबर तिकडं नेलं.

"डावीकडं! ऐकलं? सतारवाला मांडी बदलून राह्यला!"

तात्यांनी श्वास धरला. इकडं मावशीला हसू आवरंना. तिनं पदर तोंडात कोंबला, तर बांगडी वाजली.

"अन् हे उजवीकडं! तारेला निस्तं नख लागलं. आता सुरू करणार. पर घाई न्हाई बघा. मोठा कलाकार हाय."

घाम त्यांच्या मानेवरून वाहून राह्यल्ता. पर चेहऱ्यावर असं समाधान की मलाबी क्षणभर वाटलं, वाजून राह्यलं की काय.

काका म्हणले, "सांग आता! खरं सांग. फरक पडतो का न्हाई?"

काकूनं बंद पडलेल्या लाल दिव्याकडं बघितलं. मंग काकांकडं.

"पडतो. लई पडतो. तुम्ही जिंकले. राहू द्या सामान हॉलमध्ये."

"खरं?"

"खरं. पर आजपासून दुसरं काही लावायचं न्हाई. रोज हीच, अन् अशीच लावायची!"