लिनची विश्रांती

चौथ्या आठवड्यातही लिनच्या कोपराची सूज उतरली नाही, तेव्हा मी मनातून हादरले. उपचार माझे होते आणि हाताशी दिवस उरले नव्हते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी लंडनमधल्या हाउन्सलोच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओ होते. लिन तैवानचा व्यावसायिक बेसबॉल पिचर. पिचर म्हणजे आपला बोलर समजा, फक्त याचा चेंडू टप्पा खात नाही आणि हात कोपरात वाकवून फेकतात. त्या झटक्याने कोपराच्या आतला लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, ताणला जातो. लिनचा तोच दुखावला होता. सीझन संपल्यावर तो थोरल्या बहिणीकडे राहायला आला. ती हीथ्रोला कार्गो ऑफिसात होती, तिनेच त्याला माझ्याकडे आणलं. महिनाअखेरीस माझा रिपोर्ट त्याच्या क्लबला जायचा होता. फिट नसेल तर कॉन्ट्रॅक्ट रद्द.

रविवारच्या क्रिकेट लीगमधले निम्मे बोलर माझ्या हाताखालून गेलेले. त्यामुळे मी ऐटीत सांगितलं होतं, "सहा आठवडे बॉल फेकायचा नाही." लिन मान लववून "येस" म्हणाला होता. क्रिकेटवाले गुपचूप खेळून येतात आणि सोमवारी साळसूद चेहरा करतात. हा तसला नव्हता. अपॉइंटमेंटच्या वीस मिनिटं आधी येऊन बसायचा. मग सूज कशाची? मी एक्सरे परत पाहिला, पुस्तकं चाळली, घरी पोळ्या करपवल्या.

"सुषमा, सर्जनकडे पाठव आणि मोकळी हो," आमची सुपरिंटेंडंट मार्गरेट म्हणाली.

"एक आठवडा दे."

पुढच्या वेळी बहीण बरोबर आली, ती वेगळ्याच कारणाने वैतागलेली. "ह्याला जरा सांगा. माझे सगळे टॉवेल फाडलेत."

"टॉवेल?"

लिन निमूटपणे उठला. काउचवरचा टॉवेल घेतला, एक टोक बोटांत धरलं, पाय उचलला आणि बॉल फेकावा तसा पूर्ण ताकदीने हात फिरवला. टॉवेल फटकन काउचच्या कडेवर बसला.

"रोज किती?"

"सकाळी शंभर. संध्याकाळी शंभर."

"अरे, मी नको म्हटलं होतं ना?"

त्याला माझा प्रश्नच कळेना. बहीण म्हणाली, "तिकडे हात दुखला की कोच बॉल काढून घेतो आणि टॉवेल देतो. दहा वर्षांचा असल्यापासून हेच चाललंय. त्याच्या मते ही विश्रांतीच आहे."

मला संताप आला. आधी त्याचा, मग स्वतःचा. बॉल सोडून तू काय करतोस, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं.

"फिट लिहाल का?" लिनने बहिणीतर्फे विचारलं. "तिकडे गेल्यावर मी सांभाळून घेईन."

क्षणभर वाटलं, लिहावं. पण तो हात पहिल्या महिन्यातच गेला असता. मी लिहिलं: फिट नाही. अजून सहा आठवडे विश्रांती, टॉवेलसुद्धा नाही. आधीचे चार आठवडे वाया गेले, कारण माझी सूचना अपुरी होती.

मार्गरेटने शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. "असं कुणी लिहीत नाही. उद्या अंगाशी येईल."

"नाहीतर त्यांना वाटेल, एवढी विश्रांती घेऊनही हात बरा होत नाही. मग कोण थांबेल त्याच्यासाठी?"

तिने चष्मा काढून पुसला आणि सही केली.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत फोन वाजला की माझ्या हातातलं काम सुटायचं. क्लब थांबायला तयार झाला. बहिणीने टॉवेल कपाटात घालून कुलूप लावलं.

पुढच्या वर्षी बहीण तैवानहून आलेलं पार्सल घेऊन क्लिनिकमध्ये आली. लिन पुन्हा पिचिंग करत होता. त्याने तिला सहा कोरे टॉवेल पाठवले होते आणि मला एक जुना, कडा फाटून दोरे लोंबणारा. मी तो हातात घेऊन रडले, हे मार्गरेटला अजून माहीत नाही.

तेव्हापासून काय करू नका, हे मी शेवटी सांगते. आधी म्हणते, सकाळी उठल्यापासून हा हात काय काय करतो, ते करून दाखवा. बहुतेक जण म्हणतात, काही नाही, विश्रांतीच चालू आहे. तेव्हा मी खुर्ची ओढून बसते.