अहो आणि अगं यांचा पत्रव्यवहार

तर मिस्त्री त्या सात नंबरच्या खिडकीशी उभे होते आणि आतला कारकून त्यांच्या बायकोचा फोटो उजेडात धरून विचारत होता, "कान कुठे आहेत?" काल आपण इथवरच आलो होतो. मिस्त्री म्हणाले, "आहेत साहेब. केसांखाली आहेत." कारकून म्हणाला, "नियमाप्रमाणे दिसायला पाहिजेत." झालं! दोन कानांपायी सगळा अर्ज परत. मग बायकोला पत्र, की केस मागे घेऊन नवा फोटो काढ. पत्र जायला बारा दिवस, फोटो यायला बारा. तोवर इकडे अर्जाचा नमुनाच बदलला. आधी चौदा पानी होता, तो सोळा पानी झाला. वाढीव दोन पानांत काय विचारलं होतं म्हणाल, तर आधीच्या चौदा पानांत लिहिलेलं सगळं खरं आहे का.

मिस्त्री म्हणजे लिफ्टमिस्त्री. लग्नाला जेमतेम सहा महिने झाले असतील, तेवढ्यात परमुलखातल्या लिफ्ट कंपनीत नोकरी लागली आणि गडी एकटाच निघाला. बायको मागे सासूबाईंपाशी राहिली. ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात छापील पानं शिवायची, बोटांना सुईची सवय. निघताना मिस्त्री तिला म्हणाले होते, "वर्षभरात बोलावून घेतो." तरण्या माणसाच्या तोंडी वर्ष हा शब्द किती हलका असतो! कोपऱ्यावरून पाव आणतो म्हणावं, तसं म्हणाले ते.

आता गंमत बघा. ज्या इमारतीत बायकोला इकडे आणायचा परवाना अडला होता, त्याच इमारतीची लिफ्ट मिस्त्रींच्या ताब्यात होती. दर मंगळवारी हत्यारांची पिशवी घेऊन ते मागच्या दाराने शिरत. दारवान उठून उभा राहायचा. "या मिस्त्री, चहा घेणार?" मोठमोठे साहेब बाजूला होऊन त्यांना वाट देत. आणि गुरुवारी तेच मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून, टोकन घेऊन पुढच्या दाराने आले, की तोच दारवान भिंतीवरच्या पाटीकडे बोट करायचा: अर्जदारांनी जिना वापरावा. "अरे, ओळखलं नाहीस का? मी मंगळवारचा!" "मंगळवारचे असाल, आज गुरुवार आहे." स्वतःच्या हातांनी तेल घातलेली लिफ्ट डोळ्यांदेखत वर जायची आणि हे आपले जिन्याने चार मजले धापा टाकत.

कान मिळाले, सोळा पानं भरली, तेव्हा नवं खूळ निघालं. लग्न खरं आहे याचा पुरावा द्या. लग्नाचा दाखला दिला, तर म्हणे त्यावरची तारीख नोंदणीची आहे, लग्नाची नाही. दोघांत दीड महिन्याचं अंतर का? लग्नाचा फोटो दिला, तर म्हणे यात चाळीस माणसं आहेत, नवरा कुठला? शेवटी कारकून म्हणाला, "पत्रं आहेत का एकमेकांची?"

मिस्त्रींचा चेहरा खुलला. पत्रं! ती तर पेटीभर होती. निळ्या पातळ कागदावर, घडीच्या कडेपर्यंत ओळी दाटून लिहिलेली. इमारतीच्या माथ्यावरच्या मशीन रूममध्ये, मोटरच्या उबेला, हत्यारांच्या पेटीवर बसून मिस्त्रींनी आपली पत्रं लिहिली होती. एखाददुसऱ्यावर ग्रीसचा अंगठाही उमटला होता. बायकोची आली की आधी नुसती हातात धरून बसायची, मग उघडायची. टपालात पुढची मागे व्हायची, म्हणून दोघंही कोपऱ्यात आकडे घालत. आता तसा कागद मिळत नाही आणि तसं ताटकळणंही कुणी करत नाही. पण त्या दिवसांची आठवण निघाली की मिस्त्रींचा हात अजून वरच्या खिशाकडे जातो.

मिस्त्रींनी पाठवलेली पत्रं बायकोने तिकडे कारखान्यात नीट शिवून, पाठीला कापड लावून, त्यांचं चक्क पुस्तक बांधलं होतं. ते तिने जपून पाठवलं. कारकुनाने हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "पुस्तक चालत नाही. सुटे कागद द्या." मिस्त्रींनी खोलीवर बसून एकेक टाका उसवला. असं काळीज कधी तुटलं नव्हतं, असं ते अजून सांगतात. पुढच्या गुरुवारी ते सुटे कागद आणि बायकोची पत्रं दिली, तर कारकून म्हणतो, "या कागदांना भोकं का आहेत?"

पुढे ती पत्रं गेली सरकारमान्य भाषांतरकाराकडे. माणूस विद्वान, पण आपली भाषा शब्दकोशातून शिकलेला. जो शब्द कोशात सापडायचा नाही, तो माणसाचं नाव समजून तसाच ठेवायचा, असा त्याचा खाक्या. पाच महिन्यांनी उत्तर आलं. मिस्त्रींनी ते मशीन रूममध्ये उभ्यानेच उघडलं.

"अर्जदाराने सादर केलेली छप्पन्न पत्रे ही 'अहो' नावाचा पुरुष व 'अगं' नावाची स्त्री यांच्यातील आहेत. सदर व्यक्तींशी अर्जदाराचा अथवा त्याच्या पत्नीचा संबंध दिसून येत नाही. अर्ज नामंजूर."

मिस्त्री हसायला लागले. अहो आणि अगं! एकटेच हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईतो. मग खालची बारीक अक्षरातली ओळ वाचली आणि मटकन पेटीवर बसले. हरकत असल्यास तीस दिवसांत अपील करावे. अपील फेटाळल्यास पुढील तीन वर्षे नव्याने अर्ज करता येणार नाही. एक म्हणता दोन वर्षं आधीच गेली होती. आणखी तीन म्हणजे पाच. कुठल्या तोंडाने कळवायचं तिला?

चौथ्या दिवशी अपिलाची सुनावणी. चौथ्या मजल्यावर, जाड चष्म्याच्या एका बाईंपुढे. टेबलावर शिक्क्यांची रांग, आणि प्रत्येक कागदावर त्या शिक्का असा हाणायच्या की पलीकडच्या खोलीतली पेनंसुद्धा उडावीत.

"हे अहो कोण?"

"मी."

"अर्जावर तुमचं नाव वेगळं आहे."

"ते कागदावर. घरात मी अहो."

"आणि अगं?"

"ती. माझी बायको."

"त्यांना नाव नाही?"

"आहे की! फार गोड नाव आहे. पण हाक मारायला वापरत नाही आम्ही."

"मग हाक कशी मारता?"

"ती म्हणते अहो, मी म्हणतो अगं."

बाईंनी काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "तुमच्याकडे सगळ्याच बायका नवऱ्याला अहो म्हणतात?"

"पुष्कळजणी म्हणतात."

"मग ही पत्रं दुसऱ्याच एखाद्या अहोला लिहिलेली नाहीत, कशावरून?"

प्रश्न बिनतोड होता. मिस्त्रींनी हात जोडून मुदत मागितली. बाईंनी अपिलाची मुदत संपायच्या आदल्या दिवसाची तारीख दिली.

त्याच संध्याकाळी बायकोला पत्र गेलं: पत्राच्या माथ्यावर माझं पूर्ण नाव घाल, आडनावासकट, आणि खाली तुझं. बारा दिवस जायला, बारा यायला. एकोणतिसावा दिवस गाठायचा म्हणजे मध्ये एका दिवसाची उसंत. रोज संध्याकाळी मिस्त्री टपालपेटीत हात घालून चाचपायचे. जिन्यातली म्हातारी शेजारीण म्हणाली, "अहो, पेटी आहे ती, विहीर नाही. असलं तर वरच दिसेल." आपल्याच मुलखाची होती ती, तिचं ते 'अहो' ऐकून मिस्त्रींनी हात पेटीतच ठेवून तिच्याकडे पाहिलं. या बाईचाही मी अहोच!

अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आलं. वर श्रीयुत, मग नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मिस्त्रींना क्षणभर कोर्टाचं समन्स आलंय असंच वाटलं. आत लिहिलं होतं: "सांगितलंत म्हणून लिहिलं. लिहिताना सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांना म्हटलं, तुम्ही जरा तिकडे बघा. पुन्हा असलं काही सांगू नका."

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते पत्र वाचलं, तारीख पाहिली आणि बाजूला सारलं. "हे निकालानंतर लिहिलेलं आहे. पुरावा धरता येत नाही."

"अहो बाई..." मिस्त्री बोलून गेले आणि जीभ चावली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आता मीसुद्धा अहो?"

बाईंनी जुन्या पत्रांच्या भाषांतराचा गठ्ठा शेवटचं एकदा पाहावं म्हणून पुढ्यात ओढला आणि एकेक पान उलटू लागल्या. इथे मिस्त्रींना खरा घाम फुटला. कारण एक्केचाळीस नंबरच्या पत्रात काय आहे ते त्यांना पाठ होतं. पस्तीस झालं. अडतीस झालं. देवा, आता यांना फोन तरी येऊ दे. चाळीस. एक्केचाळीसवर बाई थांबल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या:

"अहो, त्या शिक्केवाल्या बाई दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकल्या आणि तुम्ही वरून विचारलंत, घाबरला नाहीत ना, तर त्या आतून ओरडल्या, घाबरले नाही, माझा डबा वर राहिलाय! हे वाचून सासूबाई आणि मी दोघी पोट धरून हसलो. अहो, पुढच्या वेळी आधी डबा खाली सोडा, मग बाईंना वर काढा."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्या एकदम कुणाच्या तरी मावशीसारख्या दिसायला लागल्या.

"ते तुम्ही होतात?"

"हो. मी वर होतो. तुम्हाला माझे फक्त बूट दिसले असतील."

"बूट आठवतात. एकाची नाडी सुटली होती." मग त्या म्हणाल्या, "आणि शिक्केवाली म्हणजे मी?"

"मला तुमचंही नाव माहीत नव्हतं, बाई."

बाईंचा एक ओठ हलला. हसल्या म्हणायला हरकत नाही. पत्रावरची तारीख पाहिली, कपाटातून लिफ्टची तक्रारवही काढून नोंद ताडून पाहिली, आणि फायलीवर स्वतःच्या हाताने लिहिलं: 'अहो' ही व्यक्ती म्हणजे अर्जदार स्वतः, याची खात्री पटली. मग शिक्का हाणला. त्या आवाजाइतका गोड आवाज आयुष्यात पुन्हा कानी पडला नाही, असं मिस्त्री म्हणतात, बायको मात्र शेजारून लगेच टोकते, "आणि मी उतरल्यावर हाक मारली ती?"

म्हणजे ती आली, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण त्याआधी एक शेवटची पाचर होती: घराची तपासणी. दोन माणसं राहतील एवढी सोय आहे का, ते पाहून जायचं आणि तसं नसलं तर परवाना पुन्हा लांबणीवर. बाई स्वतःच आल्या. लिफ्टमिस्त्रींची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्टच नाही. वर पोचेपर्यंत बाईंना दम लागला. "तुम्ही हे मुद्दाम केलंत," असं म्हणून त्या दारातच टेकल्या.

मग पाहणी सुरू झाली. खिडकी एक, उघडते. नळ एक, गळत नाही. शेगडी दोन तोंडांची. पलंग रुंद. दोन पेले, दोन ताटं, दोन टॉवेल, दोन उश्या; सगळी जय्यत जोडी जमवून ठेवलेली. बाई एकेका रकान्यात खूण करत गेल्या. मिस्त्री मागून चालत होते. कोपऱ्यात येऊन बाईंचं पेन थबकलं.

"खुर्ची एकच? दोन माणसं म्हणता, सगळं दोन दोन आणलंत, आणि खुर्ची मात्र एक?"

पेन रकान्यावर तसंच अधांतरी. मिस्त्री एकदा त्या खुर्चीकडे पाहून म्हणाले,

"दुसरी मुद्दामच घेतली नाही, बाई. मी आणली असती तर ती आल्या आल्या म्हणाली असती, ही कसली आणलीत, आणि आमचं भांडण जुंपलं असतं. तेच मला पाहिजे, पण ती समोर असताना, दुकानात, खुर्च्यांच्या मधे उभं राहून. अडीच वर्षांत आमचं एक भांडण धड पुरं झालेलं नाही. मी रागावून लिहायचो, आणि तिचं रागावलेलं उत्तर येईपर्यंत चोवीस दिवसांत माझा राग कुठल्या कुठे गेलेला असायचा. मग मी एकटाच त्या उत्तराला घेऊन बसायचो, समजूत घालायला समोर कुणी नाही. तुम्ही खुशाल एक लिहा. ती आली की महिन्याभरात या, दोन दिसतील, आणि दुसरी माझ्या पसंतीची नसेल."