सातवा नंबर खाली ठेव

फोन आला तेव्हा मी राइस मिलच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी करत होतो. हेमराजची बायको, सुनंदावहिनी, अगदी हळू बोलल्या. "भाऊजी, हे गेले. झोपेतच..." यादीतली चौथी ओळ अर्धीच राहिली. याला आता दीड महिना झाला.

गोंदियात कधीकाळी पंक बँड होता असं सांगितलं की लोक हसतात. होता. तिघांचा. रेल्वे क्वार्टरमधला प्रकाश गिटार वाजवून ओरडायचा, मी ड्रमवर आणि हेमराज सॅक्सोफोनवर. हेमराजचे वडील लग्नाच्या बँडचे मास्तर, सॅक्सोफोन त्यांचाच. तालमी मिलच्या गोदामात, सुट्टीच्या दिवशी. धानाच्या पोत्यांमुळे आवाज बाहेर जात नसे, ही माझी सोय. प्रकाश सायबर कॅफेतून सीडी भरून आणायचा : अमेरिकेतला बेबंद जॅझ, आफ्रिकेतले ढोल, युरोपातल्या कुठल्याशा डोंगराळ भागातली लग्नाची पिपाणी. ती ऐकून हेमराज म्हणाला, "हे त आपल्याच लाइनीतले लोक हायेत."

बँडचं नाव आम्ही ठेवलं 'काऊन', म्हणजे 'का'. प्रकाशच्या प्रत्येक गाण्यात हाच प्रश्न असे. बिजली काऊन गेली, बस काऊन नाही आली. क्रम ठरवून गाण्यांची यादी मी करायचो. हेमराजची अट एकच : सातवा नंबर खाली ठेव. रिकामं काय वाजवायचं, असं मी दर वेळी विचारी. तो वडिलांचं वाक्य सांगे, "वरात कुठी थांबन, कोनाले मालूम?"

मास्तरांना आमचं वाजवणं मुळीच पसंत नव्हतं. पोरगा काम करून राहिला की कल्ला, असं ते मलाच विचारत. सॅक्सोफोनची पेटी त्यांच्या खाटेखाली असे. वाजवून झालं की बाजा परत तिथे जायचा. आणि एक दिवस नवेगाव बांधकडचे एक शेतकरी आले. मिलमध्ये धान घेऊन आले असताना त्यांनी माझ्या ड्रमवर 'काऊन बँड, गोंदिया' वाचलं होतं, वर मास्तरांचा मुलगा वाजवतो हेही कळलं होतं. लग्नाचाच बँड समजून ते सुपारी घेऊन आले, आणि हेमराजनं आम्हाला न विचारता ती घेतली. मास्तर एवढंच म्हणाले, "माझं नाव गेलं, त बाजा पेटीत गेला. मंग निघनार नाई." हेमराजनं मान डोलावली. मी मात्र घाबरलो.

आठ दिवसांत लग्नाची सहा गाणी बसवली. सातवा नंबर खाली. पुढे आमची पाच, वेळ पडली तर. मास्तर मांडवात खुर्ची टाकून बसले होते. वरात मांडवापासून हाकेच्या अंतरावर आली आणि थांबली : नवरदेवाचे मामा आले नव्हते, आणि मामाशिवाय नवरदेव पुढे पाऊल टाकायला तयार नव्हता. सहाही गाणी संपली. ऊन डोक्यावर. एक म्हातारा खेकसला, "बँडवाले मेले का?" हेमराजनं माझ्याकडे पाहून सात बोटं दाखवली.

मागे बाया पोवारी बोलीत बिहावाचं, म्हणजे लग्नाचं गाणं म्हणत होत्या. त्यानं तेच धरलं, आधी हलकेच, बायांच्या पट्टीत. मग सूर वाकवला, तोडला, किंचाळवला. मी ताल सोडून दिला, जन्मात पहिल्यांदा. प्रकाशला राहवेना. तो ओरडला, "मामा काऊन नाई आला?" आणि अख्खी वरात ओरडली, "काऊन!" पुढचा बराच वेळ मी काय वाजवलं ते मला ठाऊक नाही. म्हातारा खेकसायचा थांबून नाचत होता. शेवटी मामा स्कूटरवर आले, तेव्हा त्यांच्या तोंडावर दोनशे माणसांनी तोच प्रश्न फेकला. ते बिचारे पंक्चर, पंक्चर म्हणत राहिले.

जेवणं झाल्यावर मास्तर आले. त्यांनी हेमराजच्या हातून सॅक्सोफोन घेतला, गमछ्यानं पुसला, पेटीत ठेवला, कडी लावली. संपलं, मी मनात म्हटलं. मग त्यांनी ती पेटीच हेमराजच्या हातात दिली. "सूर बिघडला, वरात नाई बिघडली. पेटी आता तुह्याचपाशी ठेवजो."

पुढे प्रकाशची बदली झाली, 'काऊन' संपला. हेमराज वडिलांचा बँड चालवू लागला आणि सुखात राहिला. त्याच्या याद्या मीच करायचो, सातवी ओळ सोडून.

तेरवीच्या सामानाची यादीही मीच केली. आचाऱ्यानं विचारलं, "भाऊ, सहाच्या नंतर सीधा आठ. सात काऊन खाली?" हातानं आपोआप सोडला होता. मी भरायला पेन काढलं, तर वहिनी दारातून म्हणाल्या, "राहू द्या."

पंगत बसायच्या सुमारास देवरीकडचे बँडवाले न बोलावता आले, अकरा जण, बाजे घेऊन. वहिनींनी पेटी उघडून सॅक्सोफोन त्यांच्यामध्ये खुर्चीवर ठेवला. ते वाजवू लागले. मी यादी काढली आणि सातव्या ओळीत लिहिलं : बँडवाल्यांचा चहा, बारा कप.