फुकटचं बटण

आमचे हे इस्त्री करतात. सणासुदीला गिऱ्हाइकांच्या शर्टांची तुटलेली बटणं आम्ही फुकट लावून द्यायचो. यंदा ह्यांच्या डोक्यात आलं, "चांगुलपणा सणापुरताच कशाला? रोज लावू." म्हणायला हे आणि डोळे फोडायला मी!

काल समोरच्या मास्तरीणबाई आल्या. सणाला ह्यांना तोंडभरून "भाऊ, भाऊ" करणाऱ्या. शर्टाचं नवं बटण दाखवत म्हणाल्या, "तुमच्याच इस्त्रीनं तुटलं असणार. नाहीतर फुकट कोण लावून देतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे मात्र "चुकलं, ताई" म्हणून मोकळे झाले.

बाई गेल्यावर इस्त्री बाजूला ठेवून माझ्याकडे वळले. म्हणाले, "उद्यापासून कपडे घेतानाच तुटकी बटणं मोजून घे. त्यांच्यासमोर."