किसुमूची नाचणी

मी वर्षाची असताना माझे वडील आफ्रिकेत गेले. मुंबईच्या एका कारखान्यात ते सुतारकाम शिकले होते, आणि तिकडे रेल्वेला डबे दुरुस्त करणारी माणसं हवी होती. पाच वर्षांनी त्यांना किसुमूला क्वार्टर मिळालं, तेव्हा आम्हाला बोलावणं आलं. आई आणि मी आमच्या गावाहून, कुडपणहून निघालो. डोंगर उतरून पोलादपूर, तिथून बैलगाडीनं महाड, मग पडावानं खाडीतून बाणकोट आणि आगबोटीनं मुंबई. इथवर काका सोबत होते. पुढे त्यांनी आम्हाला तिकडेच निघालेल्या एका गुजराती कुटुंबाच्या हवाली केलं. बोटीवर आईनं कसे दिवस काढले ते तिलाच ठाऊक. तिला पाणी पचत नव्हतं. बोटीतून उतरल्यावर किसुमूपर्यंत आगगाडी होती.

वडील म्हणजे काकांसारखेच दिसत असणार, अशी माझी समजूत होती. तसंच धोतर, तसंच मुंडासं. किसुमूच्या स्टेशनावर खाकी विजार आणि टोपी घातलेला एक माणूस आमच्याकडे आला. आईनं पदर पुढे ओढला. त्यानं मला घ्यायला हात पुढे केले, तशी मी आईच्या लुगड्यात तोंड खुपसलं.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “दमली आसंल.”

क्वार्टर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे पडवी. दाराला उंबरठा होता. त्या ओळीत दुसऱ्या कुठल्याच घराला नव्हता. वडिलांनी तो स्वतः रंधा मारून बसवला होता. त्यावर तांदळानं भरलेला एक पत्र्याचा मग ठेवलेला. आई थबकली.

“ह्ये काय?”

“माप,” ते म्हणाले. “नवं घर हाय. ओलांड.”

“येकदा ओलांडलं की कुडपनात. सात वर्सं झाली.”

“थितलं आईबाचं घर. ह्ये आपलं.”

आई हसली. बोटीवर चढल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. तिनं पायानं मग लवंडला आणि तांदूळ घरभर पसरले. नंतर दोघांनी मिळून ते वेचले.

मला मात्र ते घर आपलं वाटेना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी आईला विचारलं, “आये, ह्यो पाव्हना कवा जानार?”

ते पडवीत बूट चढवत होते. त्यांनी ऐकलं असणारच, पण रागावले नाहीत. संध्याकाळी कामावरून आल्यावर त्यांनी आपली खाट उचलून पडवीत नेली आणि आईला म्हणाले, “पोरीला सवय होऊ दे. मला काय, भायेर वारा बरा लागतो.”

घरात रोज भात होता, गव्हाची पोळी होती. कुडपणला भात सणावारी; एरवी नाचणीची भाकरी. पहिले काही दिवस मला चंगळ वाटली. मग घास गिळवेना. मी भाकरी मागायची, आई समजावायची आणि मी ताट सरकवायची. आठवड्याभरात माझी हाडं दिसायला लागली. तीही कमीच जेवते, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

रविवारी वडील मला बाजारात घेऊन निघाले. मी त्यांचा हात धरेना. त्यांनी थोडा विचार केला, मग काखेतली छत्री काढून तिची मूठ माझ्यापुढे धरली. मूठ मी धरली. छत्रीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या, असे आम्ही बाजारापर्यंत गेलो.

तिथल्या बायका जमिनीवर टोपल्या मांडून बसल्या होत्या. केळी, मासे, रताळी. एका म्हातारीच्या टोपलीपाशी माझे पाय थांबले. बारीक, लालसर, मोहरीसारखे दाणे. मी छत्री सोडली आणि टोपलीत हात घातला.

“पाव्हनं!” मी ओरडले. “नाचनी! पाव्हनं, नाचनी हाय!”

वडील धावत आले. उकिडवे बसून त्यांनी चिमूटभर दाणे तोंडात टाकले आणि चावत राहिले. म्हातारी म्हणाली, “विंबी.” त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला.

“पाच वर्सं ह्याच वाटंनं जातो,” ते मला म्हणाले, जसं मोठ्या माणसाला सांगावं तसं. “कधी वाकून बगितलं नाय गो.”

वडिलांनी नाचणी विकत घेतली, तशी म्हातारीनं माझ्या परकराच्या ओच्यात वर आणखी एक मूठ टाकली. वडिलांचे डोळे भरून आले होते आणि ते हसतही होते. येताना मी त्यांच्या खांद्यावर होते. छत्री कुणी धरली होती, आठवत नाही.

आमच्याकडे जातं नव्हतं. आईनं दाणे पाट्यावर वाटले. पीठ जाडंभरडं झालं, भाकरी तव्यावर पडताच फुटली. तिचा वास सुटला आणि आई रडायला लागली. गाव सोडताना, बोटीवर, कुठेच ती रडली नव्हती. वडील चुलीपाशी तिच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी विचारलं, “परत जायाचं हाय?”

“नाय,” आई पदरानं नाक पुसत म्हणाली. “जायाचं नाय. हितंच ऱ्हायाचं. पर मला येक जातं पायजे.”

त्या दिवशी मी दीड भाकरी खाल्ली.

मी त्यांना ‘बा’ म्हणायला कधी लागले, ते नेमकं सांगता येत नाही. पुष्कळ दिवस मी ‘पाव्हनं’च म्हणत होते आणि ते ‘ओ’ देत होते. खाट मात्र महिन्याभरात घरात आली.

जात्यासाठी त्यांनी एका पाथरवटाला गाठलं. त्यानं जातं कधी पाहिलं नव्हतं. वडिलांनी लाकडाचा नमुना करून त्याला दाखवला, तेव्हा कुठे दोन गोल दगडी तळ्या घडल्या. खुंटा त्यांनी स्वतः ठोकला. त्या घरात आम्ही पुढे नऊ वर्षं राहिलो, माझे दोघे भाऊ तिथेच जन्मले.

जातं मांडल्यावर थोड्याच दिवसांत ती बाजारातली म्हातारी विंबी घेऊन दारात आली. आई दळत होती. म्हातारी काही वेळ उभी राहून फिरता दगड बघत राहिली. मग टोपली उतरवून समोर बसली आणि तिनं आईच्या हाताखाली खुंटा धरला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. टोपलीतली अर्धी नाचणी संपेपर्यंत त्या दळत राहिल्या.