न्हाणीतल्या वरच्या दोन ओळी

जवळ ये बाई, अशी समोर बस. दारात उभं राहून विचारतेस, "मावशी, बाथरूमच्या टाइल्स घरच्या घरी लावता येतात का?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच पायाने चप्पल शोधतेस. ही कुठली गं रीत? येतात लावता. मी लावल्या आहेत. पण कशा लावल्या ते ऐक आणि मग जा.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं, त्यानंतर चार-पाच वर्षांची गोष्ट. आमच्या घराचेही तोवर दोन भाग झाले होते. एकात आम्ही, दुसऱ्यात धाकटे दीर आणि जाऊ. मधली भिंत दोघींची. अलीकडे माझी न्हाणी, पलीकडे जावेचा माग. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणायची ती. न्हाणीत नळामागे टाइल्सच्या तीन ओळी होत्या, बसून आंघोळ करणाऱ्याला पुरतील एवढ्या. मग आमच्या ह्यांनी हौसेनं शॉवर लावला आणि पाणी थेट वरच्या उघड्या भिंतीवर आपटायला लागलं.

एक दिवस जाऊ दारात उभी.

"बाई, तुमच्या न्हाणीचं पाणी माह्या घरात येऊन राहिलं. कोशाले बुरशी धरली."

"माह्या न्हाणीचं कायले? धागा तुटू नये म्हणून तूच मागाच्या खड्ड्यात पाणी शिंपडतेस."

"खड्ड्यातलं पाणी भिंतीवर चढत नाई, बाई! असंच चाललं तं मी माग सानगडीले नेतो, भावाकडे."

ती गेली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. भिंत नुसतं निमित्त असेल तर? हिला जायचंच असेल तर? वाटणी झाली तरी तिच्या मागाची खटखट ऐकू आली की घर भरलेलं वाटायचं. माग गेला असता तर दीर-जाऊही गेले असते, आणि मला तेच नको होतं.

दुसऱ्या दिवशी कढीपत्ता मागायच्या मिषानं तिच्या खोलीत शिरले. ओल खरीच होती. ती परसात गेली तशी मी ओलीच्या कडेला कोळशानं बारीक रेघ मारली. वाढते की नाही, कळावं म्हणून. चार दिवसांनी पुन्हा गेले, तर माझ्या रेघेशेजारी पेन्सिलची एक रेघ! म्हणजे तिचाही माझ्यावर संशय होता. ओल दोन्ही रेघांच्या पुढे सरकली होती. कढीपत्ता घेऊन आले.

शॉवरच्या पाण्यापुरत्या वर आणखी दोन ओळी टाइल्स लावाव्यात म्हणून मिस्त्री बोलावला. तो म्हणाला, "आख्खी भिंत फोडा लागते." दोन ओळी टाइल्ससाठी भिंत? मला लगेच संशयाचा वास आला. हा दोन महिन्यांचं काम काढणार. त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि ठरवलं, आपणच लावू. शेजारच्या घरी टाइल्स बसवताना पाहिलंच होतं की.

दुकानात उरलासुरला सुटा माल स्वस्तात मिळत होता. आमच्या टाइल्स फिक्या निळ्या. दुकानदार म्हणे, "तोच रंग आहे, काकू." मी एकेक टाइल बाहेर उन्हात नेऊन पाहिली. मडकं घेताना वाजवतो तशी बोटाच्या गाठीनं वाजवली. तो वैतागून म्हणाला, "काकू, यात पाणी भरा लागते का?" मी म्हटलं, "तुह्यावर भरोसा ठेवला तं डोळ्यांत भरंन." सिमेंटही मुठीत दाबून पाहिलं, गोळे नाहीत ना म्हणून.

घरी येऊन भिंतीला छिन्नीनं टोचे मारले, टाइल्स पाण्यात भिजत घातल्या, ओळ सरळ यावी म्हणून मागाचंच सूत ताणून बांधलं. सगळं नीट. आणि मग मी माझं डोकं चालवलं. आम्ही विणकराच्या घरची माणसं. सुताला ताठपणा येतो तो तांदळाच्या खळीनं. पतंग चिकटवायचा असो की वहीचं फाटकं पान, खळच लागते. म्हटलं, सिमेंटला का नको? चांगली दाट खळ दोन पळ्या ओतली. टाइल्स भिंतीला अशा चिकटल्या की मला वाटलं, मिस्त्रीलाच बोलावून दाखवावं.

सकाळी पाहिलं तर वरची ओळ भिंतीपासून बोटभर सुटून पुढं झुकलेली.

आधी संशय दुकानदारावर, जुनं सिमेंट दिलं म्हणून. मग जावेवर. आमच्या ह्यांना म्हटलं, "ते मुद्दाम जोरानं माग ठोकून राहिली. हादऱ्यानं टाइल्स सरकल्या."

हे शांतपणे म्हणाले, "मंग सांग तिले माग बंद कर म्हणून."

माग बंद व्हायला कुठं हवा होता मला? मी चहा ठेवायला उठले.

तिसऱ्या दिवशी न्हाणीत मुंग्यांची रांग लागली आणि शिळ्या पेजेसारखा आंबूस वास सुटला. वास भिंतीपलीकडेही गेला असणार, कारण जाऊ आली. टाइलच्या कडेचं सिमेंट तिनं नखानं खरवडलं. खळ तपासतात तसं दोन बोटांत चोळलं.

"बाई, यात खळ घातली का?"

"नाई तं."

"माह्याकडे पाहून सांगा."

मी मुंग्यांकडे पाहत राहिले. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अवं बाई! पाण्यात घातली का खळ सुटते, म्हणून तं धुतल्यावर साडी नरम पडते! न्हाणीत कोणी खळ घालते का?"

जन्म खळीत गेला आणि एवढं सुचलं नाही मला. मग मीही हसले, काय करणार.

सगळ्या टाइल्स काढून, खरवडून, धुऊन आम्ही दोघींनी त्या पुन्हा लावल्या. नुसती रेती आणि सिमेंट. सुताचं एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. फटी सारख्या राहाव्यात म्हणून मधे आगपेटीच्या काड्या खोचल्या. आठवडाभर शॉवर बंद ठेवला, ह्यांची कुरकुर ऐकत. महिनाभरात पलीकडची ओल वाळली आणि कोसा पुन्हा त्या भिंतीशी टांगला गेला.

नंतर एकदा तिला विचारलं, "खरंच गेली असतीस का वं?"

"माग खड्ड्यात रोवलेला असते, बाई," ती म्हणाली. "तो का डोक्यावर घेऊन जाता येते?"

पण तिनं भावाला जागा पाहायला सांगितली होती, असं पुढं माझ्या कानावर आलं. खरं की खोटं, मी विचारलं नाही. माग तिथंच आहे, आत्ता खटखट थांबलीय, ती चहा घेत असेल.

तर तू सामान घ्यायच्या आधी पुन्हा ये. दुकानात मी येते सोबत, तुला एकटीला फसवतील. आणि अशी उभ्या उभ्या नको येऊस, चार दिवस राहायला ये. लवकर ये गं.